चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

पातेल्याच्या आतल्या अंगाला एक खूण. पाणी इथपर्यंत, म्हणजे अर्धा शेर. त्यात तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं मीठ आणि मूठभर गूळ. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, ती हीच.

डिसेंबर १९७१. बांगलादेश स्वतंत्र झाला. पूल तुटलेले, डॉक्टर मोजके. भारतातल्या छावण्यांतून जवळपास एक कोटी माणसं घरी परतत होती, आणि १९७० मध्ये हद्दपार झालेली देवीची साथ त्यांच्या सोबतीनं पुन्हा आत शिरली. तिला घालवायला १९७५ साल उजाडलं. भोला बेटावरची चिमुरडी रहिमा बानू ही तिथली शेवटची रुग्ण.

युद्ध चालू असताना त्रिपुरात बांबूचं ४८० खाटांचं रुग्णालय उभं राहिलं होतं. शिकलेल्या नर्स नव्हत्या, म्हणून साध्या घरच्या मुलींनाच जखमा बांधायला शिकवलं. ते उभारणाऱ्यांपैकी एक, डॉ. जफरुल्ला चौधुरी, तोच धडा घेऊन १९७२ मध्ये ढाक्याजवळ सावारला आले. त्यांनी काढलेल्या गणस्वास्थ्य केंद्राच्या मुली सायकलवरून गावोगाव जाऊ लागल्या. बाई सायकलवर? काही जणांना रोगराईपेक्षा त्याचाच धक्का मोठा.

पण पोरं दगावत होती ती जुलाबानं. मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलराचा रोगी वाचतो, हे डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्येच पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइन संपल्यावर दाखवून दिलं होतं. प्रश्न होता तो घरोघरी पोचवण्याचा.

१९८० मध्ये ‘ब्रॅक’ या बांगलादेशी संस्थेच्या बायका घराघरांत जाऊन आयांना हे पाणी करायला शिकवू लागल्या. आया शिकल्या, पण वापरेनात. शोध घेतला तर गंमतच! शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. मग त्यांना ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत नेऊन रोगी बरे होताना दाखवले. त्यानंतर आईसमोर आधी स्वतः घोट घ्यायचा, असं ठरलं. पुरुषांना वगळलं होतं, तीही चूक. म्हणून मशिदीत, बाजारात बोलणं सुरू झालं.

दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांहून जास्त घरं झाली. पगाराची रीतही न्यारी. महिनाभरानं दुसरंच कुणीतरी येई आणि काही घरांतल्या आयांना म्हणे, करून दाखवा. चिमूट बरोबर, पाणी खुणेपर्यंत, तर शिकवणारीला पूर्ण पैसे. आई विसरली, तर पैसे कापले शिकवणारीचे.