रक्ताविना मॅकबेथ

(दृश्य: टेबल, उघडी संहिता, समासात पेन्सिल. पार्श्वसंगीत नाही.)

चार दिवस झाले, ही चित्रकार संहिता वाचतेच आहे. पोस्टर करायचंय ‘मॅकबेथ’चं. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधलं हे सगळ्यात छोटं नाटक, आणि पोस्टरवाल्यांसाठी सगळ्यात फसवं. कारण चित्रं आयतीच समोर येऊन उभी राहतात. खंजीर. मुकुट. तीन चेटकिणी. रक्तानं माखलेले हात. पहिल्या दिवशी सुचलेलं हे सगळं तिनं एका पानावर काढून टाकलं. दोन्ही अर्थांनी.

(दृश्य: वहीचं ते पान. वरून एक तिरकी रेघ.)

आता पेन्सिल कुठे थांबते बघा. पहिला अंक, पाचवा प्रवेश. राजाच्या खुनाचा बेत मनात शिजतोय आणि मॅकबेथची बायको, लेडी मॅकबेथ, रात्रीला हाक मारते. ये, दाट हो, सगळं झाकून टाक. समासात एक फुली. मग पानंच्या पानं कोरी. दुसरी फुली थेट पाचव्या अंकात, झोपेत चालण्याच्या प्रवेशात. तिथे दासी वैद्याला सांगते की बाईसाहेबांच्या उशाशी सतत दिवा लागतो, तसा हुकूमच आहे.

हे वाक्य सहज निसटून जातं, कारण लगेच न दिसणारं रक्त काढायला तिचं ते प्रसिद्ध हात धुणं सुरू होतं आणि सगळ्यांच्या नजरा हातांवर खिळतात. पण जिनं अंधार मागून घेतला, तिला आता उजेडाशिवाय झोप नाही. पोस्टर या दोन फुल्यांच्या मधे कुठेतरी आहे.

(दृश्य: अंधारी खोली. मेणबत्ती. ज्योतीपुढे हात.)

वाऱ्यापासून ज्योत वाचवायला आपण सगळेच असा हात धरतो. ती मिनिटभर तशीच बसली आणि मग म्हणाली, दिवा बंद करा. तो आमच्या कॅमेऱ्याचा दिवा होता. तो विझल्यावर दिसलं: बोटांच्या कडा किंचित लाल झाल्या होत्या. मेणबत्तीचा उजेड अपुरा पडला म्हणून तिनं फोनचा टॉर्च तळव्याला टेकवला, आणि बोटं निखाऱ्यासारखी पेटली. उजेड मांसातून आरपार येताना बाकीचे रंग बरेचसे आतच जिरतात, लाल तेवढा बाहेर पडतो. म्हणजे रक्ताचा एक थेंबही न काढता हात लाल करता येतो. फक्त मागे उजेड हवा.

(निवेदन थांबतं. हात, टॉर्च, हात.)

एका क्षणावर अख्खं नाटक तोलायचं, ही युक्ती जुनी आहे. 1 जानेवारी 1895 ला पॅरिसच्या भिंतींवर चित्रकार अल्फोन्स मुखाचं ‘जिस्मोंडा’ या नाटकाचं पोस्टर लागलं. सुमारे दोन मीटर उंच, अरुंद, त्यात झावळी हातात घेतलेली अभिनेत्री सारा बर्नहार्ट. शेवटच्या अंकातला तो एकच क्षण. पोलंडचा पोस्टरकार यान लेनित्सानं 1964 मध्ये ‘वोत्सेक’ या ऑपेरासाठी तर नटही ठेवला नाही. लाल लाटांची वलयं आणि मधोमध उघडं तोंड, बस्स. हिच्या भिंतीवर या दोन्हींच्या प्रती आहेत, म्हणून सांगितलं.

(दृश्य: काडेपेटीएवढी स्केचेस, एकामागून एक.)

चोवीस स्केचेस. हात डावा की उजवा? ज्योत दिसू द्यायची की नाही? अकराव्यात ज्योत नाही, तर सगळं विझल्यासारखं. एकोणिसाव्यात बोटांवर मुकुट चढलेला दिसतो. तो तिला नको होता. निर्मात्यांच्या बैठकीत कॅमेऱ्याला परवानगी नव्हती, त्यामुळे तिथे काय झालं ते तुम्हालाही दिसणार नाही. ती बाहेर आली तेव्हा मुकुट गेला होता आणि मुख्य नटाचा फोटो आला नव्हता. आमच्या मते दोन्ही विजयच.

(दृश्य: काळा कागद, कात्री, अक्षरं.)

नावाची अक्षरं ती कातरून करते. ‘मॅकबेथ’मध्ये दोनच गोष्टी शिरोरेघेच्या वर जातात, ‘मॅ’चा चंद्र आणि ‘बे’ची मात्रा. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच मॅकबेथचा साथीदार सरदार बॅन्क्वो, त्याचा मुलगा सांगतो, चंद्र मावळलाय. तिनं कातरलेला चंद्र उचलला, शिरोरेघेला टेकवला, मग थोडा कलता केला. आणखी थोडा. आता पडेल असं वाटायला लागलं, तेव्हा डिंक लावला.

(दृश्य: छपाई. स्क्रीनवर शाई ओढल्याचा आवाज, पूर्ण.)

स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून शाई ओढून छपाई. तीन रंग, तीन स्क्रीन. आधी पिवळा. त्यावर पातळ, पारदर्शक लाल. जिथे तो पिवळ्यावर बसतो तिथे बोटं पेटतात. शेवटी काळा, म्हणजे रात्र. ज्योत छापलेलीच नाही, तो कोरा कागद आहे. पोस्टरवरची सगळ्यात उजळ जागा म्हणजे जिथे कुणी काही केलं नाही ती.

पहिले सहा कागद वाया गेले. काळा केसभर सरकला की करंगळी दोन होते. रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जागा, जुळवून सातवा ओढला.

(दृश्य: सातवा कागद उचलला जातो. दहा सेकंद शांतता.)

पुढचं थोडक्यात. पोस्टर भिंतींवर लागलं, फोनवर नखाएवढं होऊन फिरलं, प्रयोग संपल्यावर उतरलं.

(दृश्य: पोस्टरचा खालचा भाग.)

श्रेयनामावली वाचून घ्या. नेपथ्य आहे, प्रकाशयोजना आहे, वेशभूषा, रंगभूषा, सगळं आहे. पोस्टर कुणाचं, ते नाही. तिची तक्रार नाही. आमची आहे.

(दृश्य: उजवा कोपरा, अगदी जवळून.)

इथे काळ्या स्क्रीनमध्ये तिनं मुंगीएवढी जागा मोकळी सोडली होती. खालचा लाल त्यातून वर येतो. चार अक्षरं आहेत. कॅमेरा आणखी जवळ जाईल, तोवर डोळे बारीक करा.