अर्जाआधी वर्गात बसून या

[दृश्य: अर्धवर्तुळाकार वर्ग, बाकांपुढे नावाच्या पाट्या]

हार्वर्ड बिझनेस स्कूलमधला एमबीएच्या पहिल्या वर्षाचा वर्ग. सुमारे 90 विद्यार्थी. प्राध्यापक आत येतात आणि हात वर न केलेल्या एखाद्याला थेट विचारतात, 'या कंपनीच्या जागी तुम्ही काय केलं असतं?' हा कोल्ड कॉल. वर्गातल्या सहभागाला इथे गुण असतात, त्यामुळे गप्प राहणं महागात पडतं. माहितीपत्रकात 'केस मेथड', म्हणजे कंपन्यांच्या प्रसंगांवर (केस) चर्चा करत शिकणं, एवढं वाचून यातलं काही उमगत नाही. मागच्या ओळीत एक तास बसलं, की हे आपल्याला मानवेल का, याचा अंदाज येतो.

[दृश्य: कॅलेंडर]

घोळ होतो तो तारखांचा. अमेरिकेत अनेक बिझनेस स्कूल्सची अर्जांच्या पहिल्या फेरीची मुदत सप्टेंबरात असते आणि नव्या सत्रातले तास पाहुण्यांना बहुधा त्यानंतर खुले होतात. म्हणून पहिल्या फेरीवाल्यांनी आधीच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच जाऊन यावं. दुसरी फेरी जानेवारीच्या सुरुवातीला बंद होते. तिच्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. तिथल्या उन्हाळ्यात (जून ते ऑगस्ट) गेलात तर नुसत्या इमारती बघून परताल. परीक्षेचा आठवडा टाळा. शुक्रवारीही बऱ्याच ठिकाणी तास कमी असतात.

नोंदणी अ‍ॅडमिशन ऑफिसच्या संकेतस्थळावर होते, जागा मोजक्या असतात. ती पक्की झाल्यावरच प्रवासाचं तिकीट काढा. नाव आणि ईमेल अर्जात देणार तेच द्या, म्हणजे भेटीची नोंद अर्जाशी जुळेल. भेट दिली म्हणून प्रवेश मिळत नाही, हे अनेक स्कूल्स स्वतःच सांगतात.

एका दिवशी एकच स्कूल. हार्वर्ड आणि एमआयटीचं बिझनेस स्कूल स्लोन बोस्टन परिसरात चार्ल्स नदीच्या दोन काठांवर आहेत, तरी दोन दिवस ठेवा. सर्वांत आवडतं स्कूल पहिलं पाहू नका. तुलनेला काही हाताशी नसलं की सगळंच भव्य वाटतं.

[दृश्य: कॅफेटेरिया]

वर्गात वेळेआधी पोहोचा, लॅपटॉप बंद, तास संपेपर्यंत उठायचं नाही. विद्यार्थी एकमेकांचे मुद्दे खोडतात की फक्त प्राध्यापकांकडे बघून बोलतात, ते पाहा. शक्य असेल तर एक अनिवार्य आणि एक ऐच्छिक विषय निवडा.

नंतर कॅफेटेरियात दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी गाठा. स्कूलने नेमलेला मार्गदर्शक चांगलंच बोलणार, त्याचं कामच ते. 'इथे कसं वाटतं?' या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा: तुमच्या क्षेत्रातल्या किती कंपन्या कॅम्पसवर आल्या? इंटर्नशिप स्वतः शोधावी लागली का? कोणत्या विषयाला जागा मिळाली नाही?

त्याच संध्याकाळी विषयाचं नाव, केस आणि ऐकलेलं एखादं वाक्य लिहून ठेवा. अर्जासोबतच्या एसेमध्ये (निबंधात) उपयोगी पडतं. काचेच्या इमारतीचं कौतुक तिथे नको, प्रवेश समिती रोज तिथूनच जाते.

प्रवास परवडत नसेल तर स्कूलची ऑनलाइन सत्रं असतात. विद्यार्थी क्लबच्या पदाधिकाऱ्यांना ईमेल करून हेच तीन प्रश्न विचारता येतात.