अस्वल, अँटीबॉडी आणि सायकोसिस

मागे आवाज पोचतोय ना? बरं. सुरुवात अस्वलापासून करतो, हसू नका. बर्लिनच्या झूमधला क्नूट, ते पांढरं पिल्लू जगभर फेमस झालं होतं बघा, 2011 च्या मार्चमध्ये लोकांच्या डोळ्यांदेखत त्याला झटका आला आणि पाण्यात पडून गेला, वय अवघं 4 वर्षं. मेंदूला सूज होती हे कळलं, पण कशाने ते कळेना, व्हायरस शोधून लोक दमले. शेवटी 2015 मध्ये जपून ठेवलेले सँपल परत तपासले तर सापडल्या अँटीबॉडीज, म्हणजे एरवी जंतूंशी लढायला शरीर बनवतं ती प्रोटीन्स, पण इथे त्याच्या स्वतःच्याच मेंदूवर उलटलेली. हाच आजार माणसालाही होतो, फक्त माणसात तो पुष्कळदा भास आणि संशयापासून, म्हणजे ज्याला आम्ही सायकोसिस म्हणतो त्यापासून, सुरू होतो, त्यामुळे पेशंट आधी येतो आमच्याकडे, मानसोपचारवाल्यांकडे.

आजाराचं नाव अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. रिसेप्टर म्हणजे मेंदूच्या पेशीवरचं निरोप आत घेणारं दार, त्यातल्या एनएमडीए नावाच्या दारावर अँटीबॉडी उलटते. 2007 मध्ये जोसेप दालमाउ हे न्यूरॉलॉजिस्ट आणि त्यांच्या मंडळींनी 12 बायकांच्या केसेस छापल्या, सगळ्यांना टेराटोमा नावाची गाठ, 11 जणींच्या अंडाशयात. ही गाठ विचित्रच असते, आत केस असतात, दात असतात, कधी चक्क मेंदूसारखी टिश्यू. आता शरीराने त्या टिश्यूविरुद्ध अँटीबॉडी बनवली की तीच अँटीबॉडी वरच्या खऱ्या मेंदूलाही जाऊन चिकटते. पण गाठ असलीच पाहिजे असं नाही हं, पुरुषांना होतो, लहान मुलांना होतो, काहींना नागीणवाल्या घराण्यातल्या हर्पीस सिम्प्लेक्स व्हायरसने मेंदूज्वर होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी होतो.

दिसतं कसं ते सांगतो. आधी थोडा ताप, डोकेदुखी, कुणी लक्ष पण देत नाही. मग झोप उडते, मुलगी म्हणायला लागते की फोनमधून कुणीतरी माझं ऐकतंय, रात्रभर बडबड, आणि घरच्यांना वाटतं टेन्शन आलंय. मग आठवड्याभरात बोलणंच आटतं. तोंडात काही नसताना जबडा चघळल्यासारखा हलत राहतो, ओठ मुडपले जातात, हात वर करून ठेवला तर तसाच हवेत राहतो. फिट येते, बीपी आणि नाडी वरखाली. आणि आपण सायकोसिसचं औषध दिलं तर अंग आणखीनच ताठ होतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, औषध मानवत नाही म्हणून डोस वाढवत बसायचं नसतं, तिथेच थांबून विचार करायचा असतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ही अँटीबॉडी पेशीला मारत नाही! तिला दोन हात असतात, दोन हातांनी दोन रिसेप्टर धरून ठेवते, असे जोडलेले रिसेप्टर पेशी आत ओढून घेते, म्हणजे पेशी जिवंत आहे पण दारंच गायब. अँटीबॉडी काढून टाकली की प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर काही दिवसांत रिसेप्टर परत येतात. आणि केटामिन हेच रिसेप्टर बंद करतं, ते धडधाकट माणसाला दिलं तरी काही वेळ सायकोसिससारखं वाटायला लागतं. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकाच दारापाशी पोचलो म्हणा ना.

मग लगेच प्रश्न येतो, स्किझोफ्रेनिया पण असाच असेल का? इथे जरा सांभाळून. 1950 च्या दशकात रॉबर्ट हीथ नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले होते की स्किझोफ्रेनियाच्या पेशंटच्या रक्तात टॅराक्सीन नावाचं प्रोटीन सापडलं, पुढे म्हणाले ती अँटीबॉडीच आहे, पण दुसऱ्यांना ते काही सापडेना आणि विषय बारगळला. आत्ताचं बघा, 2017 मध्ये ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञ लेनॉक्स यांच्या टीमने आयुष्यात पहिल्यांदा सायकोसिस झालेल्या 228 जणांचं रक्त तपासलं, एनएमडीए रिसेप्टरच्या अँटीबॉडीज मिळाल्या 3 टक्क्यांत, तुलनेला घेतलेल्या निरोगी लोकांत एकातही नाही. दुसऱ्या काही अभ्यासांत मात्र निरोगी लोकांतही त्या मिळाल्यात, टेस्टची पद्धत बदलली, अँटीबॉडीचा प्रकार बदलला की आकडा बदलतो. म्हणून रक्तात सापडली म्हणजे तिनेच आजार केला असं मी तरी म्हणणार नाही, ती मेंदूपर्यंत पोचतेय का आणि तिथे काही करतेय का हे बघायला लागतं.

त्यासाठी पाठीतलं पाणी काढून तपासतात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव. नाव काढलं की नातेवाईक घाबरतात, पाठ कायमची जाईल म्हणतात, अहो सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. या आजाराच्या साधारण सातातल्या एका पेशंटच्या रक्तात अँटीबॉडी सापडतच नाही, पाण्यात सापडते. नुसतं रक्त निगेटिव्ह आलं म्हणून फाईल बंद केली तर हा सातवा माणूस गेला की हातातून.

हां, ताई, तुमचा प्रश्न, सगळ्यांचीच टेस्ट करायची का? माझं मत, पाण्याची नाही. वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेला आजार असेल तर सहसा काही हाती लागत नाही. पण तीन महिन्यांच्या आत माणूस एकदम बदललाय आणि सोबत फिट, ताठरपणा, गुंगी, नाहीतर विसरणं प्रमाणाबाहेर आहे, तर न्यूरॉलॉजीवाल्यांना त्याच दिवशी फोन करा. उपचार म्हणजे स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीज), प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ भाग बदलणं, गाठ असेल तर ऑपरेशन, नाहीच भागलं तर रिटक्सिमॅब, प्रतिकारशक्तीच्या पेशी कमी करणारं औषध. 2013 ला छापलेल्या एका अभ्यासात या आजाराचे 500 च्या वर पेशंट फॉलोअपमध्ये होते, दोन वर्षांनी 81 टक्के चांगले होते, पण त्यासाठी कित्येक महिने लागतात, आणि कधी कधी पेशंट हिंडता फिरता झाल्यावरही घरचे सांगतात की अजून तो पहिल्यासारखा चिडवत नाही कुणाला.