एका बैठकीत एकच क्लायंट!

नमस्कार! डीटीपी, मांडणी किंवा मुद्रितशोधन करत असाल तर ऑगस्ट-सप्टेंबर कसा जातो ते तुम्हाला माहीत आहे. दिवाळी अंकाची पानं सुरू असतात, मंडळाचे बॅनर असतात, त्यातच लंडनच्या एखाद्या क्लायंटचं ब्रोशर येतं. आणि सगळ्यांना आजच हवं असतं.

मग आपण प्रत्येकाला तासतासभर देतो. दिवसभर मान मोडून बसतो आणि रात्री बघावं तर एकही काम हातावेगळं झालेलं नाही. सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ साली याचं कारण मांडलं. काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलो, की थोडं लक्ष मागच्याच कामात अडकून राहतं आणि नवं कामही धड होत नाही.

म्हणून सकाळ अख्खी अंकाला द्या, बॅनर जेवणानंतर. पंचवीस मिनिटांचा पोमोडोरो, म्हणजे तेवढा वेळ काम आणि मग छोटी विश्रांती, बिलं करायला छान आहे. पण मांडणीत पानं डोक्यात बसायलाच वेळ लागतो, तिथे मला तो मुळीच पटत नाही.

मध्येच उठावं लागलं तर? लेरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी २०१८ मध्ये यावर उपाय सांगितला, आणि तो खरंच करून बघा. उठण्याआधी दोन ओळी लिहा: कुठवर आलोय, परतल्यावर आधी काय करायचं. 'पान ४२, चौकटीतला मजकूर ओव्हरफ्लो होतोय, आधी फोटो लहान करायचा.' बस, एवढंच.

लंडनवाल्यांची तर सकाळी काळजीच नको. त्यांचे नऊ वाजतात तेव्हा त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे दीड वाजलेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग अडीच.

खरा त्रास इथल्या क्लायंटच्या व्हॉट्सॲपचा. 'एक छोटासाच बदल आहे', असं दिवसातून कितीदा तरी येतं. त्यांना आदल्या दिवशीच कळवा: 'सर, तुमचं काम उद्या सकाळी ९ ते १ करतेय. सगळे बदल आज संध्याकाळपर्यंत एकाच मेसेजमध्ये पाठवाल का?' बहुतेकजण ऐकतात, कारण आपलं काम नक्की कधी होणार हे त्यांनाही हवंच असतं. त्यानंतर आलेल्या बदलांना वेगळा दर लावा, आणि तो दर काम घेतानाच मेलवर लिहून द्या.