मादीचा टॅग

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीचा शनिवार. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात झुंजुमुंजू होतंय आणि रानाच्या कडेकडेने भडक नारिंगी जाकिटं दिसू लागली आहेत. बंदुकीने हरणं मारायचा नऊ दिवसांचा हंगाम आज सुरू झाला.

आपल्याकडे शिकारीला १९७२ पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे हे दृश्य खटकेल. पण जरा वाकून या जंगलाचा तळ पाहा. हरणाचं तोंड पोचतं तिथवर कोवळं काही शिल्लक नाही. हेमलॉक आणि सीडरची रोपं वाढण्याआधीच खुडली जातात. तारेच्या कुंपणात राखलेल्या तुकड्यात मात्र तीच रोपं तरारतात. जुनी झाडं उभी आहेत, पण त्यांच्यामागून येणारी पिढीच नाही. १९६० पर्यंत राज्यातला लांडगा संपला होता. पुढे तो उत्तरेत परतला, पण दक्षिणेच्या शेतीपट्ट्यात मोठ्या हरणाला मारणारं आज जवळपास कुणीच नाही, माणूस सोडून.

आणि माणसाला हवा असतो शिंगांचा नर! एक नर अनेक माद्यांना पुरतो. धडधाकट मादी बहुतेकदा जुळ्यांना जन्म देते. त्यामुळे नर कितीही मारले तरी पुढच्या वसंतात पाडसं तेवढीच. संख्या आटोक्यात ठेवायची, तर मादी मारावी लागते.

हे सांगणं इथे सोपं नव्हतं. वन्यजीव अभ्यासक अल्डो लिओपोल्ड १९४३ मध्ये राज्याच्या संवर्धन आयोगावर आले. त्याच वर्षी माद्याही मारायची मुभा मिळाली आणि सव्वा लाखाहून अधिक हरणं मारली गेली. लोक इतके खवळले, की त्या हंगामाला ‘४३ चा गुन्हा’ असं नाव पडलं. लिओपोल्ड मात्र ठाम राहिले. हरणांची उपासमार आणि उजाड रान त्यांना दिसत होतं. त्यांचंच बरोबर होतं, असं मला वाटतं.

आज मादीचा टॅग, म्हणजे एक मादी मारायचा परवाना, विभागानुसार मिळतो, आणि त्यावर जमीनही ठरलेली असते: सरकारी की खासगी. २०१४ पासून त्यासाठी नागरिकांच्या स्थानिक समित्या आहेत. शेती, वनीकरण, पर्यटन, शिकारी, सगळ्यांची माणसं तिथे बसतात आणि किती माद्या माराव्यात याची शिफारस करतात. मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते.

टॅग वेगळे, कारण हरणं बंदुकीपासून लांब सरकतात. सरकारी रानात वर्दळ वाढली, की ती शेजारच्या बंद मळ्यात शिरतात. राज्यातली बहुतांश जमीन खासगी. मालकाने फाटक उघडलं नाही, तर समितीचा आकडा कागदावरच राहतो. त्यात २००२ मध्ये माउंट होरेब गावाजवळच्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. मेंदू पोखरणारा, बरा न होणारा रोग. त्याचे प्रिऑन, म्हणजे रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, मातीतही वर्षानुवर्षं टिकतात. बंद मळ्यात दाटीने राहणारा कळप हा शेजाऱ्याच्या कळपालाही धोका ठरतो.

म्हणून इथली एक जुनी सोय मला फार मोलाची वाटते. आपलं जंगल शास्त्रशुद्ध राखणाऱ्या मालकाला राज्य करात सवलत देतं. ते जंगल लोकांसाठी बंद ठेवलं, तर जास्त पैसे भरावे लागतात. खुलं ठेवलं, तर कमी. खुल्या जंगलांचा नकाशा सरकारच प्रसिद्ध करतं. तिथे शिकाऱ्याला मालकाची वेगळी परवानगी लागत नाही, पायी आत जाता येतं.