अलीच्या दोन पायांमधला माणूस

नमस्कार मंडळी. आज खेळांचे फोटो काढण्याबद्दल बोलूया. आधी हा फोटो बघा.

(स्क्रीनवर फोटो)

25 मे 1965. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं लुइस्टन. बॉक्सिंगचा सामना. पहिल्याच फेरीत सनी लिस्टन आडवा झालाय आणि मोहम्मद अली त्याच्या डोक्यावर उभा राहून ओरडतोय. जिमच्या भिंतीवर, टी-शर्टवर हा फोटो तुम्ही शंभरदा पाहिला असेल. आज अलीकडे नका बघू. त्याच्या दोन पायांच्या मधून पलीकडे बघा. टक्कल पडत आलेला एक माणूस दिसतोय. तो हर्ब शार्फमन, फोटोग्राफर. आणि हा फोटो काढला नील लायफरने. दोघंही एकाच मासिकाचे, स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडचे. शार्फमन मुरलेला गडी, लायफर 22 वर्षांचं पोरगं. पण लिस्टन पडला लायफरच्या पुढ्यात. शार्फमनच्या वाट्याला आली अलीची पाठ.

नशीब म्हणाल? निम्मं नशीबच. पण रिंगवर टांगलेले फ्लॅश एकदा उडाले की पुन्हा चार्ज व्हायला वेळ घ्यायचे. आजचा सोनीचा ए-नाइन-थ्री कॅमेरा सेकंदाला 120 फोटो काढतो. लायफरला त्या क्षणी एकच मिळणार होता आणि तो त्याने घालवला नाही. गंमत म्हणजे त्या आठवड्याच्या मुखपृष्ठावर हा फोटो आलाच नाही. आतल्या पानात गेला.

हे पोरगं मुळात मैदानात शिरलं कसं? न्यूयॉर्कच्या साध्या वस्तीतला मुलगा, तिकिटाला पैसे नाहीत. यांकी स्टेडियममध्ये अपंग माजी सैनिकांना व्हीलचेअरवरून आत न्यायला माणसं लागायची. हा खुर्च्या ढकलायला जायचा आणि आत गेला की कॅमेरा काढायचा. 28 डिसेंबर 1958 ला अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत होती, त्याच दिवशी याला सोळा वर्षं पूर्ण झाली, आणि अ‍ॅलन अमीचीचा विजयी टचडाउन, म्हणजे सामना जिंकून देणारा गोलच म्हणा, याने टिपला.

मला कमेंटमध्ये रोज विचारतात, "दादा, कॅमेरा कोणता घेऊ?" अरे, आधी बसायला जागा कुठे मिळेल ते विचार!

माझंच सांगतो. आमच्याकडे यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो. यात्रा कमिटीने हजार रुपये देऊन मला फोटोला बोलावलं. फोटो काढणाऱ्याने डोळ्यांइतकेच कान उघडे ठेवायचे असतात, कारण हलगीची लय चढली की समजायचं, आता काहीतरी होणार. मला कुठलं माहीत? ढाक नावाच्या डावाचा एक फोटो मस्त मिळाला, हवेत गेलेला पैलवान, अंगावरून उडणारी लाल माती. मी खूश होऊन स्क्रीनवर तोच फोटो बघत बसलो. तेवढ्यात आरोळी उठली. मान वर केली तर समोर पंचाची पाठ. त्याच्या पलीकडे कुणीतरी चितपट झाला होता म्हणे.

फडात निदान कुणीही शिरू शकतो. क्रिकेटचं तसं नाही. सीमारेषेबाहेर बसायचं तर पास लागतो आणि तो सहसा वृत्तपत्राच्या किंवा फोटो एजन्सीच्या नावावर मिळतो. दार बंद झालं की भलेभले बाहेर. 2012 मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा बीसीसीआयने गेटी इमेजेससारख्या फोटो एजन्सींना मैदानात येऊ दिलं नाही. निषेध म्हणून रॉयटर्स, एपी, एएफपी या वृत्तसंस्थांनीही फोटो काढायचं नाकारलं. आपल्या वानखेडेवर केविन पीटरसनने 186 धावा कुटल्या, आणि जगातल्या या मोठ्या एजन्सींचा एकही कॅमेरा त्याच्यावर नव्हता.

पैशाचं काय? लांबचं जवळ आणणारी, कमी उजेडातही चालणारी 400 एमएमची, एफ 2.8 ची एक लेन्स दहा लाखांच्या आसपास जाते. वजन जवळपास तीन किलो, म्हणून खाली मोनोपॉड, म्हणजे एकपायी स्टँड. आणि पगारी नोकऱ्या आटत चालल्यात. ज्या मासिकाने लायफरला घडवलं, त्या स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने जानेवारी 2015 मध्ये आपले उरलेले सहाही पगारी फोटोग्राफर कमी केले. तेव्हापासून काम दिवसाच्या बोलीवर. आपल्याकडेही आता मोठं काम एजन्सी, क्रिकेट मंडळं, आयपीएलचे संघ आणि बुटांचे ब्रँड यांच्याकडेच आहे.

इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण फोटोग्राफीच्या कोर्समध्ये ती पाच मिनिटांत उरकतात. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याचं कलम 17 म्हणतं, कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो काम देणारा. तुम्ही नाही. बटण तुम्ही दाबलंत, चिखलात तुम्ही बसलात, लेन्सचा हप्ता तुम्ही भरताय, तरीही. उद्या तो फोटो जाहिरातीत गेला तर तुम्हाला फोनही येणार नाही. तेव्हा होकार देण्याआधी दोन ओळींचा का होईना, कागद करून घ्या. "फोटो एकदा वापरायला दिलाय, हक्क माझे," एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

मी केला नव्हता. पुढच्या वर्षी यात्रेला गेलो तर वेशीवर वीस फुटी फ्लेक्स. माझीच ती ढाक, लाल मातीसकट. खाली नाव गावच्या पुढाऱ्याचं. आणि पैलवानाच्या डोक्यावर, बरोबर जिथे मी आकाश मोकळं सोडलं होतं तिथे, हात जोडून तोच.