पाठीतला चरचराट

(पडदा काळा. सँडलचा वेल्क्रोचा पट्टा सोडल्याचा आवाज.)

हा आवाज नीट ऐकून ठेवा. पल्मनरी फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसात व्रण धरण्याचा आजार, झालेल्या माणसाच्या पाठीला, खालच्या बाजूला, डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात, तेव्हा मोठ्या श्वासाबरोबर असाच चरचराट ऐकू येतो.

(चाळीचा जिना. कठडा धरून थांबलेले आजोबा.)

दोन वर्षांपूर्वी भाजीच्या पिशव्या घेऊन हे एका दमात तिसऱ्या मजल्यावर जायचे. आता पहिल्याच वळणावर धाप लागते. कोरडा खोकला तर जातच नाही. घरचे म्हणतात, वय झालं. कुणी दमा म्हणतं, कुणाला टीबीची शंका येते. यातच महिनेच्या महिने निघून जातात, आणि फार वाईट वाटतं ते याचंच.

फुप्फुसातल्या वायुकोशांची भिंत अतिशय पातळ असते, म्हणून प्राणवायू सहज रक्तात उतरतो. या आजारात तिथे व्रण धरतात. भाजलेली कातडी भरून येताना कशी आवळते, तसंच. फुप्फुस ताठरतं. छाती वरखाली होते, पण रक्ताला प्राणवायू पुरत नाही.

(बोटांची फुगीर टोकं, गोलसर वळलेली नखं.)

काहींच्या बोटांवरही खूण दिसते.

डिसेंबर २०२४ मध्ये उस्ताद झाकिर हुसेन गेले, तेव्हा अनेकांनी या आजाराचं नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यांचा प्रकार 'इडिओपॅथिक', म्हणजे कारण न सापडणारा.

पण पुष्कळदा कारण घरातच असतं. व्रण धरू शकणाऱ्या अशा फुप्फुसविकारांची भारतातली एक मोठी पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९ शहरं, १,०८४ रुग्ण. जवळजवळ निम्म्यांना श्वासातून गेलेल्या कणांच्या ॲलर्जीतून आजार जडला होता, आणि त्यातल्या सुमारे निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आला होता. ओल्या ताट्यांवरची बुरशी, टाकीतलं कुबट पाणी. खिडकीबाहेर साचलेली कबुतरांची विष्ठाही तितकीच घातक.

(कूलरची ताटी उचलणारे हात. मागे काळपट थर.)

धरलेला व्रण पुसला जात नाही. पिरफेनिडोन आणि निंटेडानिब ही औषधं आजाराचा वेग कमी करतात, उरलेलं फुप्फुस जपतात. म्हणून दोन महिन्यांवर खोकला रेंगाळला, जिना चढताना दम लागू लागला, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "पाठीला खालपर्यंत तपासता का? छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन, करायला हवा का?" घरात कूलर आहे, गॅलरीत कबुतरं येतात, हेही आपणहून सांगा.

(दवाखाना. आजोबा सदरा वर करून पाठमोरे बसलेत.)

"मोठा श्वास घ्या, काका. अजून एकदा."